मदत हवी आहे: एमटीटी चाचणीत पेशी जिवंत, मायक्रोस्कोपखाली मेलेल्या?

हळद्या: अर्जंट आहे. रॉ पेशींना (उंदराच्या रोगप्रतिकारक पेशी) एलपीएस (सूज आणणारा जीवाणूंचा घटक) देऊन २४ तासांनी ग्रीस चाचणीने नायट्राइट मोजलं, म्हणजे पेशींनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण, जास्त तितका गुलाबी रंग गडद. ५० ला गुलाबी रंग जवळपास गेलाच, म्हणजे सूज कमी झाली ना? पण मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन तरंगतायत. एमटीटी (जिवंत पेशी जांभळा रंग देतात ती चाचणी) मात्र ११८ टक्के. खरं काय धरू? परवा दाखवायचंय. 'गाईडला विचारा' हे उत्तर नको.

उन्हाळी_कांदा: ५० काय? आन् कशाचं? आमाले का सपन पडते बाप्पा?

हळद्या: मायक्रोमोलर. करक्युमिन, हळदीतलं पिवळं द्रव्य. आयडीवरून कळलं नाही का? वायगावच्या हळदीतून आम्हीच काढलंय.

जुना_लॅबवाला: घरी काढलेल्या अर्काची शुद्धता तपासली का? नसेल तर त्यात नेमकं करक्युमिन किती ते कळत नाही, मायक्रोमोलर लिहूच नका, मायक्रोग्रॅम लिहा.

समुद्रपूरकर: वायगाव हळद म्हटलं की ऊर भरून येतो! २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. यंदा भाव काय आहे जी तिकडे?

तुरीचं_वरण: आमची आजी दुधात हळद आन् मिरी टाकते. मिरी टाकून पाहा, गुण वाढते.

जुना_लॅबवाला: मिरीतलं पिपरिन पोटातून घेतलेलं करक्युमिन रक्तात टिकावं म्हणून. इथं पेशी थेट त्यातच बुडाल्यात, मिरी काय करणार?

उन्हाळी_कांदा: मले वाटते लाइन गेली असंन. आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये इन्क्युबेटर थंड झालं, महिन्याचं काम पाण्यात.

हळद्या: इन्व्हर्टर आहे हो. मुद्द्याचं बोला.

पेशीवेडी: मुद्द्याचं ऐका. करक्युमिन स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतं, पेशी असो नसो. पेशी नसलेल्या रिकाम्या वेलमध्ये (प्लेटमधला खळगा) दोन्ही टाकून पाहा. पुढच्या वेळी एमटीटीआधी पेशी धुवा, आणि ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) मोजा. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, म्हणून गुलाबी गेलं. ती सूज उतरणं नव्हे. ५ आणि १० वर बघा, सोबत तुलनेला डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं औषध) ठेवा.

जुना_लॅबवाला: आधी शुद्धता!

पेशीवेडी: शुद्धता तपासल्यावरही हे करावंच लागेल, दादा.

हळद्या: रिकामे वेल जांभळे झाले :( १० ला पेशी ठीक, नायट्राइट थोडंच उतरलं. सांगायचं राहिलं, ५० ला डीएमएसओ (करक्युमिन विरघळवायचं द्रावक) १ टक्का होतं.

पेशीवेडी: एक टक्का?? ०.१ च्या आसपास ठेवतात. बरं, ज्याच्याशी तुलना केली त्या नुसत्या एलपीएसच्या वेलमध्येही तेवढंच डीएमएसओ टाकलं होतं ना?

हळद्या: …नाही.