तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवून ‘नोड सापडला’ म्हणणाऱ्यांसाठी

ठासणीवाला:
परवा रॉकीकाठ यांनी टार्गेटचा फोटो टाकला. ६.५ क्रीडमूरची रायफल, घरी भरलेली काडतुसं, १०० यार्ड, तीन गोळ्या, ग्रुप (भोकांचा पसारा) अर्धा इंच. खाली लिहिलंय, "नोड सापडला, आता नोव्हेंबरात कोलोराडोत ६०० यार्डांवरचा म्यूल डियर पण सुटत नाही." नोड म्हणजे पावडरीचं ते माप, ज्यावर म्हणे सगळ्या गोळ्या एकाच जागी बसतात. आणि त्याखाली सत्तावीस जणांचं वा वा. मी त्याच रात्री लिहायला बसलो होतो, बायको म्हणाली लोकांना सुधारायचं कंत्राट घेतलंयस का, झोप. आता ती पुण्याला गेलीये म्हणून लिहितो.

साहेब, तुम्ही पावडर थोडी थोडी वाढवत दहा टप्पे केले, प्रत्येकी तीन गोळ्या मारल्या, त्यातला सगळ्यात छोटा ग्रुप उचलला आणि त्याचं बारसं केलंत ‘नोड’. बाकीची नऊ टार्गेटं कुठायत? हा स्थळाला पाठवायचा फोटो झाला, पन्नासातला एक. त्याच भरणीच्या (पावडर आणि गोळीचा ठरलेला मेळ) दहा मारा, ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या दीडपटीहून मोठा येतो, त्यात पावडरीचा दोष नाही, गणितच तसं आहे, आणि तुम्ही तर दहातला नशीबवान निवडलाय म्हणजे अजून फुगणार. तीन गोळ्यांवर काढलेल्या एसडीचं (गोळ्यांचे वेग किती विखुरतात तो आकडा) तर नावच नको.

मी स्वतः ही माती खाल्लीये म्हणून सांगतो. कोलोराडोतच गनिसनच्या बाजूला, तिसरा रायफल सीझन, चार वर्षं सोडतीचे पॉइंट जमवून मिळालेला टॅग (एका जनावराचा परवाना). माझीही अर्धा इंचवाली भरणी होती, छाती काढून गेलो होतो. ३४० यार्डांवर सेजच्या झुडपांत नर आडवा उभा, मी बसून, रायफल बॅकपॅकवर टेकवलेली, आणि दरीतून आडवं वारं. गोळी वीतभर मागे, पोटात लागली. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सबंध दिवस माग काढला. नाही मिळाला. त्या सीझनला परत चाप ओढला नाही. घरी येऊन त्याच भरणीच्या दहा मारल्या तर सव्वा इंच. आणि सव्वा इंचही पुरला असता हो! ३०० यार्डांवर चार इंचाच्या आत राहतो आणि जनावराचं मर्म आठ-दहा इंचाचं असतं. कमी पडलो तो मी. उन्हाळाभर बेंचवर वाळूच्या पिशव्यांवरून नोड शोधत होतो, बसून आणि वाऱ्यात एकही बार टाकला नव्हता.

ऑगस्टपर्यंत एक बरी भरणी ठरवा आणि उरलेली पावडर मांडी घालून, काठ्यांवर टेकून जाळा. बस.

रॉकीकाठ:
तुमचा नेम चुकला त्याचं खापर माझ्या ग्रुपवर का? सत्तावीस लोकांनी वा वा केलं ते झोंबलेलं दिसतंय.

एकतर माझी रायफल हलकी, नळी पेन्सिलीसारखी, चौथ्या-पाचव्या गोळीला तापते आणि सरकायला लागते. दुसरं, हरणाला दहा गोळ्या कोण मारतं? थंड नळीतली पहिली गोळी महत्त्वाची. तिसरं, डब्यातल्या तयार काडतुसांनी माझ्या रायफलीत दोन इंच दिले होते, तीन ब्रँड झाले. मग मी पितळ (काडतुसाचं कवच) निवडलं, त्याचा खांदा दोन थाउ (इंचाचे हजारांश) मागे, माना एकसारख्या, सीटिंग डेप्थ म्हणजे गोळी किती आत बसवायची ते, सगळं केलं आणि ते अर्ध्यावर आलं. हे नशीब? चार महिने गॅरेजमध्ये काढलेत मी.

फॅक्टरीभाऊ:
चार महिने गॅरेजमध्ये काढायला घरातून हाकललं होतं का 😀
प्रेस, डाय, तराजू, वेग मोजायचा क्रोनोग्राफ, वर २०२१ मधली प्रायमरची (काडतूस पेटवणारी टिकली) बोंब आठवते का, लोक रांगा लावत होते. मी दोन डबे विकत घेतो, झिरो करतो म्हणजे दुर्बिणीचा नेम जुळवतो, हरीण आणतो. सात वर्षांत पाच.

सदाशिवपेठी_युटा:
हरीण म्हणू नका हो. हरीण म्हणजे अँटिलोप, काळवीट वगैरे, ज्यांची शिंगं कायमची असतात. म्यूल डियरची दरवर्षी गळतात, तो सांबर-चितळाच्या कुळातला. अमेरिकेत वीस वर्षं राहून शिकारी लोकांनी तरी हा घोळ घालू नये.

ठासणीवाला:
@सदाशिवपेठी आमच्या संगमेश्वराकडे भेकरालाही हरीणच म्हणतात. पुढे.

@रॉकीकाठ नळी तापते हे मान्य, रास्त मुद्दा आहे. मग आज तीन मारा, नळी थंड होऊ द्या, पुढच्या शनिवारी परत तीन, त्याच बिंदूवर, आणि सगळी टार्गेटं एकावर एक ठेवून बघा. दोन इंचावरून खाली आलात हेही खरंच असणार, चांगली गोळी आणि चांगलं पितळ याने फरक पडतोच. माझं भांडण ‘नोड’शी आहे. आणि ६०० यार्डांशी. तिथे दहा मैलांचं वारं गोळी दीड-दोन फूट ढकलतं, तुमचा अर्धा इंच तिथे कोण विचारतो? उलट वेगात तीस फुटांचा फरक पडला तरी ४०० यार्डांवर जेमतेम इंचभर खाली-वर होतं, ज्याच्यासाठी लोक रात्र रात्र पावडरचे दाणे मोजतात.

कोल्हापुरी_बार:
तापण्यावरनं आठवलं. आमच्या एका दोस्तानं फेब्रुवारीत भरणी ठरवली, पार टोकाची, म्हणे वेग पायजे. जुलैत गाडीच्या बोनेटवर काडतुसं ठेवून मारायला बसला, तिसऱ्या बाराला बोल्टच उघडंना. लाकडी हातोडीनं उघडला. तवापासनं तापमानाला न बदलणारी पावडर वापरतो आणि मॅन्युअलच्या वरच्या आकड्याच्या आत ऱ्हातो. नोड गेला उडत, बोटं शाबूत पायजेत.

बोझमनची_सून:
नोडचं चालू द्या तुमचं. गोळी कसली होती ते कुणीच सांगितलं नाही. शिशाची ना? कारण आमच्याकडे शिकार नवरा करतो आणि खिमा मी. एकदा खांद्याच्या मांसाचा खिमा करताना माझ्या दाताखाली करकरीत कण आला. जखमेपासून चांगलं वीतभर लांबचं मांस होतं ते. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंना वाटायला दिलेला हरणाचा खिमा शिशाचे कण मिळाले म्हणून फेकून द्यायला सांगितला होता आरोग्य खात्याने. तेव्हापासून घरात फक्त तांब्याची गोळी. ही गोष्ट ग्रुपच्या इंचांपेक्षा मोठी आहे.

फॅक्टरीभाऊ:
झालं, आलं तांबं. आमच्या पणजोबांनी जन्मभर ठासणीने डुकरं मारली, शिशाचे छर्रे ताटात काढून ठेवायचे, ८८ वर्षं जगले.

बोझमनची_सून:
माझा मुलगा ४ वर्षांचा आहे, ८८चा नाही. आणि छर्रा ताटात काढता येतो, वेगवान गोळीचा भुगा दिसतही नाही.

सदाशिवपेठी_युटा:
ताई बरोबर बोलतायत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे, काँडोर पक्षी उरलेली आतडी खाऊन मरत होते म्हणून.

फॅक्टरीभाऊ:
कॅलिफोर्नियाचं उदाहरण दिलंत तिथेच हरलात. उद्या म्हणतील धनुष्यसुद्धा तांब्याचं.

रॉकीकाठ:
ताई, तांब्याला उमलायला वेग लागतो. लांबवर गेल्यावर वेग पडतो, मग ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. ते चालतं का तुम्हाला?

बोझमनची_सून:
मग लांबून मारू नका! सोप्पंय. माझ्या नवऱ्याची हद्द ३०० यार्ड, त्याच्या पुढे असलं तर तो रांगत जातो. गुडघे फुटतात, पण ६०० वरून मारून जाहीर करत नाही.

ठासणीवाला:
धागा माझा होता बहुतेक.

असो. मी इतकी वर्षं पार्टिशन (मधे आडपडदा असलेली शिशाची गोळी) भरतो, १९४८ पासूनची गोळी आहे, मला वाटायचं मागचा अर्धा भाग शाबूत राहतो म्हणजे झालं.

बोझमनची_सून:
आणि पुढचा अर्धा? तो फुटतोच. तो कुणाच्या खिम्यात जातो?

ठासणीवाला:
हं.

नवखा_डेन्व्हर:
अवांतर प्रश्न. मी एच-१बी वर आहे. रायफल घेता येते का? ऑफिसातले म्हणतात अजिबात नाही.

कोल्हापुरी_बार:
भावा, एरवी नाही, पण चालू मुदतीचं हंटिंग लायसन हातात असेल तर कायद्यात सूट हाय. लायसनची मुदत संपली की सूट संपली. फॉर्म नीट वाचून भर, खोटं काय लिहू नको, आणि आपल्या वकिलाला एकदा विचार. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स कर. आणि नारिंगी जाकीट घे, ५०० चौरस इंच, गुलाबी पण चालतं आता.

फॅक्टरीभाऊ:
आणि काडतुसं तयार घे. नाहीतर तुलाही गॅरेजमध्ये चार महिने.

रॉकीकाठ:
रविवारी रेंजवर गेलो होतो. तीन-तीन करून, मध्ये नळी थंड करून, दहा. १.३ इंच. पहिल्या तीन अर्ध्या इंचात होत्या हे नोंदवून ठेवा. फोटो जोडलाय. टोमणे मारायचे ते आज मारून घ्या, उद्या मी उत्तर देणार नाही.

ठासणीवाला:
टोमणा नाही. सगळ्या दहा भोकांचा फोटो टाकलात, याला छाती लागते. भरणी चांगली आहे, बदलू नका.

बोझमनची_सून:
फोटोत टार्गेटशेजारी गोळ्यांचा जो डबा आहे तो तांब्याचा दिसतोय.

रॉकीकाठ:
बायकोने धागा वाचला. खिमा आमच्याकडेही तीच करते. म्हणजे भरणी बदलणार, म्हणजे सगळं पहिल्यापासून, धन्यवाद.

ठासणीवाला:
वजन थोडं कमीच घ्या, तांबं शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीतल्या खाचांचा पीळ तिला कमी पडू शकतो. भरणीचा तक्ता त्याच गोळीचा वापरा, जुना नको. जंप (गोळीपासून त्या खाचांपर्यंतचं अंतर) किती ठेवताय? ५० थाउपासून सुरू करा म्हणतात.

रॉकीकाठ:
डबा उघडू तर द्या.