मांजर कुणाची?

सेक्रेटरी (ए-101): नमस्कार मंडळी. पार्किंगमध्ये बी-102 च्या अल्टोत, बॉनेटखाली मांजर व्यालीय. तीन पिल्लं. सगळ्यांनीच गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा. आणि मांजर कुणाची ते सांगा.

बी-203: आमची नाही.

ए-402: आमचीपण नाही.

सी-104: गळ्यात लाल पट्टाय. कुणाची तरी असणारच की.

बी-301 काकू: दूध मी ठेवते. म्हणून माझी झाली असं नाही.

बी-102: मला दहाला होटगी रोडला जायचंय ओ. काय करू?

ए-304: पोत्यात घाला अन् हिप्परगा तलावाकडं सोडून या. विषय संपला.

सी-302: तसं सोडणं गुन्हाय दादा. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून येऊ नये, असा कायदाच आहे 1960 चा. पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये.

सी-104: 50 रुपये? त्यात शेंगाचटणी तरी येती का पावशेर 😂

ए-304: हा मेसेज डिलीट केला आहे.

सी-302: आमची लेक इंग्लंडात आहे. तिथं 10 जून 2024 पासून पाळीव मांजराला चिप सक्तीची. पिल्लू 20 आठवड्यांचं व्हायच्या आत बसवायची. नसली तर 21 दिवसांची मुदत, तरी नाही बसवली तर 500 पाउंडापर्यंत दंड.

बी-102: म्हणजे मोबाईलवर दिसतं का मांजर कुठाय?

सी-302: नाही ओ, ते जीपीएस वेगळं. ही तांदळाच्या दाण्याएवढी असते, बॅटरी नाही काही नाही. डॉक्टर सुईनं खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात. स्कॅनर धरला की 15 आकडी नंबर दिसतो. त्या नंबरापुढं मालकाचं नाव-फोन नोंदलेला असतो. फोन बदलला अन् तिथं कळवला नाही, की चिप असून नसल्यासारखी.

सेक्रेटरी: आपल्या मेंटेनन्सच्या वहीसारखं. निम्मे नंबर बंद.

ए-205: हसू नका, चिपची किंमत मला विचारा. आम्ही होम मैदानाजवळ राहायचो तेव्हा गड्ड्याच्या जत्रेत शोभेच्या दारूकामाच्या रात्री आमचा बोका आवाजाला भिऊन खिडकीतून पळाला. चौथ्या दिवशी सापडला एका चहाच्या गाड्याखाली. चहावाला म्हणे, हा माझा, सहा महिने झाले इथंच आहे. मी मोबाईलमधला फोटो दाखवला. तो म्हणे, काळेपांढरे बोके सोलापुरात काय कमीयत का? मग मी 'मन्या' अशी हाक मारली. मन्या ढिम्म. चहावाल्यानं बिस्कीट दाखवलं, गेला पळत. पंधरा आकडे अंगात असते तर तिथंच निकाल लागला असता. शेवटी शंभराची नोट देऊन आणला स्वतःचा बोका!

सी-104: चहावाल्याचाच असेल मग 😂

ए-205: मलापण कधी कधी तसंच वाटतं.

बी-203: चिपचं नंतर बघा, आधी ऑपरेशन. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहते, साधारण दोन महिन्यांत विते. पिल्लं अंगावर पीत असतानासुद्धा परत राहते. हिची पिल्लं सुटी झाली की लगेच नेऊ. तोवर हिला कुणी तरी घरात ठेवायला पाहिजे, नाहीतर गच्चीवरचा बोका आहेच.

ए-402: ओरखडलं तर? पोरं हात घालायलेत तिथं.

बी-203: साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं अन् लगेच दवाखाना. रेबीज मांजरापासूनही होतो.

ए-402: 15 मिनिटं वाहतं पाणी! नळाला पाणी कधी येणार ते आधी सांगा.

सेक्रेटरी: विषय भरकटला. घरात कोण ठेवणार? ऑपरेशनचे पैसे कुणाकडं मागायचे? पट्टा कुणी बांधलाय?

सेक्रेटरी: ?

सेक्रेटरी: काकू, तुम्ही टायपिंग करताय, दिसतंय मला.

बी-301 काकू: पट्टा मीच बांधला. संक्रांतीला. रात्री चमकतो तो, गाडीखाली येऊ नये म्हणून. नाव बायडी आहे तिचं.

सेक्रेटरी: मग सकाळपासून बोलला का नाही ओ?

बी-301 काकू: तुम्ही वर्गणीच्या आवाजात विचारलं म्हणून. ऑपरेशनचे पैसे मी देते. घरात पण ठेवते. ती चिप काय ती पण बसवा, नंबर मुलाचा टाका, माझा रिचार्ज संपलेला असतो. पण गच्चीवरचा बोका माझ्या नावावर घालू नका, सांगून ठेवते.

बी-102: काकू, अन् माझी गाडी?

बी-301 काकू: मी टोपली घेऊन खाली येतेय. तोवर हात लावू नको. आज रिक्षानं जा.