सर्वेक्षणात हृदयरोग्यांचे कोलेस्टेरॉल कमी का दिसते?

प्रश्न
अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण तपासणी सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनहेन्सच्या, २०११ ते २०१८ या दोन-दोन वर्षांच्या चार फेऱ्यांवरून मी हृदयविकाराच्या जोखमीवर प्रबंध लिहीत आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले होते का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल ‘नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा कमी येते. वय आणि लिंग समीकरणात घेऊनही चित्र बदलत नाही. माझी चूक गणितात आहे की मांडणीत?

उत्तर १
मांडणीत. रक्त आज घेतलेले असते, झटका मात्र कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि त्यानंतर बहुतेकांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, सुरू झालेले असते. म्हणजे तुमच्या हाती आहे ते उपचारानंतरचे कोलेस्टेरॉल, तेही झटक्यातून वाचलेल्यांचेच. औषधांची नोंद समीकरणात घालून हे सुटणार नाही, कारण झटक्याआधीची पातळी त्या माहितीत नाहीच. याच सर्वेक्षणाची मृत्यूनोंदींशी जोडलेली फाइल घ्या. तीत ३१ डिसेंबर २०१९ पर्यंतचा पाठपुरावा आहे. ज्यांना तपासणीच्या वेळी हृदयरोग नव्हता, त्यांच्यापासूनच सुरुवात करा. मात्र त्या फाइलमध्ये मृत्यूच दिसतात, जीवघेणे न ठरलेले झटके दिसत नाहीत, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

उत्तर २
गणितही एकदा पाहून घ्या. त्या प्रश्नाच्या उत्तरांत १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही, ७ म्हणजे उत्तर नाकारले आणि ९ म्हणजे माहीत नाही. ७ आणि ९ तसेच राहिले तर ते संख्या म्हणून मोजले जातात. रक्तचाचणी वापरताना मुलाखतीचा नव्हे, तपासणी केंद्राचा भार (ती व्यक्ती लोकसंख्येतील किती जणांचे प्रतिनिधित्व करते तो आकडा) लावावा आणि चार फेऱ्या एकत्र करताना तो चारने भागावा. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उपाशीपोटी तपासलेल्या उपगटातच मिळते, त्यामुळे त्याचा भार वेगळा असतो. नको असलेल्या व्यक्तींच्या ओळी आधीच पुसू नका. नमुना ज्या स्तरांतून आणि समूहांतून निवडला ते संगणकाला सांगून झाल्यावर उपगट निवडा, नाहीतर प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाजातील अनिश्चिततेचे माप, चुकीची येते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग २०१७-१८ च्या फेरीला पाठपुरावा जेमतेम दोन वर्षांचा मिळतो. त्याऐवजी १९९९ ते २००८ या पाच फेऱ्या घेतल्या तर?

उत्तर १
ते अधिक योग्य होईल. फक्त १९९९ ते २००२ साठी चार वर्षांचा स्वतंत्र भार दिलेला आहे; त्याला दोन-पंचमांशाने आणि उरलेल्या तीन फेऱ्यांच्या भारांना एक-पंचमांशाने गुणा.