न्यूयॉर्क प्रायमरी: मतदार पुस्तिका वाचली, पण पाच नावं ठरवायची कशी?

मुक्ता७४ (जॅक्सन हाइट्स) | ८ जून २०२५

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सिटिझनशिपची शपथ झाली. तिथेच मतदार नोंदणीचा फॉर्म भरला आणि पक्षाच्या रकान्यात डेमोक्रॅटिकवर खूण केली. २४ जूनची महापौरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, हे माझं इथलं पहिलं मतदान, आणि ते मला नीट करायचं आहे.

पोस्टाने मतदार पुस्तिका आली आहे. लेक झोपली की रोज थोडी थोडी वाचते. अडचण अशी की वाचावं तो उमेदवार बराच वाटतो. घरं परवडणारी करू, सबवे सुरक्षित करू, पाळणाघरांचा खर्च कमी करू. एकाचं पान संपवून दुसऱ्याचं उघडलं की पहिला काय म्हणाला ते विसरायला होतं. महापौरपदाच्या मतपत्रिकेवर अकरा नावं आहेत आणि त्यातली पाच क्रमाने निवडायची आहेत.

पसंतीक्रम मला अगदी नवा नाही. बाबा कल्याणला शिक्षक होते. कोकण शिक्षक मतदारसंघाचं मतदान करून आले की केंद्रावरच्या जांभळ्या पेनाने एक, दोन, तीन कसं लिहिलं ते सांगायचे. पण ते फक्त ऐकलेलं. इथे दुसरं नाव दिल्याने माझ्या पहिल्या नावाचं नुकसान होतं का? पाचही जागा भरायलाच हव्यात का? पब्लिक ॲडव्होकेटच्या पानावर जेनिफर राजकुमार हे नाव दिसलं, पण त्या पदाचं काम काय असतं? आणि माझ्या मैत्रिणीने नोंदणी करताना पक्षच लिहिला नव्हता, तिला मत देता येईल का?

कुणाला मत द्या हे नका सांगू. कसं ठरवायचं ते सांगा.

---

अनघा_क्यूगार्डन्स

मुक्ता, अभिनंदन! मी २०२१ पासून क्वीन्समध्ये मतदान केंद्रावर पोल वर्कर म्हणून बसते, तेव्हा हे प्रश्न माझ्या फार जवळचे आहेत. जरा सविस्तर लिहिते.

आधी मैत्रिणीचं. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद असते, म्हणजे त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत. तिची नोंदणी पक्षाशिवाय झाली असेल तर या वेळेस नाही, कारण आधीच नोंदलेल्यांना पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपली. नोव्हेंबरात मुख्य निवडणुकीत ती मत देऊ शकेल. पण अजून अजिबात नोंदणीच न केलेलं कुणी ओळखीचं असेल, तर १४ जूनपर्यंत नव्याने नोंदणी करून पक्ष लिहिता येतो. असं कुणी असेल तर आजच फोन कर.

आता तुझा मुख्य प्रश्न. दुसऱ्या पसंतीने पहिलीचं नुकसान होत नाही, कधीच नाही. तुझा पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर दुसऱ्या नावाकडे कोणी बघतही नाही. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं त्या त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या नावाकडे जातात. दोन उरेपर्यंत हे चालतं. बाबांच्या मतदानातही बाद फेऱ्या अशाच चालायच्या. फरक इतकाच की इथे आकडा लिहायचा नाही. नावांच्या ओळी आणि पसंतीचे रकाने असा तक्ता असतो, त्यात वर्तुळ काळं करायचं.

पाच भरायलाच हवेत का? सक्ती नाही. तरी भर, असं मी अगदी मनापासून सांगेन. २०२१ च्या प्रायमरीत शेवटच्या फेरीत एरिक ॲडम्स कॅथरिन गार्सियांपेक्षा फक्त ७,१९७ मतांनी पुढे राहिले. आणि सुमारे १,४०,००० मतपत्रिका तोवर संपलेल्या होत्या, म्हणजे त्यांवर दिलेली सगळी नावं आधीच बाद झाली होती आणि या दोघांपैकी एकही नाव उरलं नव्हतं. एवढे लोक रांगेत उभे राहिले आणि शेवटच्या निवडीत त्यांचं मत मोजायला कुणी उरलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून मी पुस्तिका उलटी वाचते. आधी मनात ठरवते, कोण अजिबात नको. ती नावं बाजूला, त्यांना पाचव्या जागीही घेत नाही. मग उरलेल्यांतून पहिला निवडते, तो मनापासून पटलेला, जिंकेल की नाही याचा विचार न करता. मधले दोन-तीन चांगले वाटणारे. आणि शेवटी पाहते, की शेवटच्या फेरीपर्यंत टिकतील असे जे दिसतात त्यांतला निदान एक माझ्या पाचांत आहे ना. सध्याच्या चाचण्यांत अँड्र्यू क्युमो आणि झोहरान ममदानी हे दोघं पुढे आहेत. दोघांतला जो तुला बरा वाटतो तो पहिला असो वा पाचवा, पण यादीत असू दे.

पुस्तिकेबद्दल एक गोष्ट कायम लक्षात ठेव. ती शहराचं कॅम्पेन फायनान्स बोर्ड काढतं, घरोघरी पाठवतं, बंगालीतही निघते, सगळं खरं. पण आतला उमेदवारांचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिलेला असतो. म्हणून प्रत्येक आश्वासनापुढे मी पेन्सिलीने एकच लिहिते: हे महापौराच्या हातात आहे का?

ममदानींचंच घे. भाडेनियंत्रित घरांची भाडी गोठवणार म्हणतात. ते ठरवतं रेंट गाइडलाइन्स बोर्ड, आणि त्याचे नऊच्या नऊ सदस्य महापौर नेमतो. २०१५, २०१६ आणि २०२० मध्ये एक वर्षाच्या करारावर शून्य वाढ झाली होती, म्हणजे हातातलं आहे. तेच बस मोफत करण्याचं बघ. बस-सबवे चालवणारी एमटीए राज्याची आहे, तिथे गव्हर्नर आणि ऑल्बनीतल्या राज्य विधिमंडळाशिवाय पान हलत नाही. २०२३ मध्ये पाचही बरोंत, म्हणजे शहराच्या पाच विभागांत, एकेका मार्गावर मोफत बसचा प्रयोग झाला, क्वीन्समध्ये क्यू ४ वर, तोही राज्याच्या अर्थसंकल्पातूनच आला होता आणि पुढच्या वर्षी थांबला. क्युमो पाच हजार पोलीस वाढवणार म्हणतात. भरती शहराच्या हातात आहे, पण पैसा सिटी कौन्सिलने मंजूर करायचा. मग दुसरा प्रश्न, कशातून काढणार? अकराच्या अकरा जणांना हे दोन प्रश्न लाव, नावं आपोआप वेगळी दिसू लागतील.

आधी काय केलं तेही बघता येतं, कारण बरेच जण पदावर राहिलेले आहेत. ब्रॅड लँडर सध्या कम्प्ट्रोलर, म्हणजे शहराचे हिशेब तपासनीस, आहेत, एड्रिएन ॲडम्स कौन्सिलच्या स्पीकर, स्कॉट स्ट्रिंगर आधीचे कम्प्ट्रोलर, झेलनॉर मायरी ब्रुकलिनचे राज्य सिनेटर. क्युमो दहा वर्षांहून जास्त गव्हर्नर होते आणि २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ममदानी ॲस्टोरियाचे राज्य असेंब्ली, म्हणजे विधानसभा, सदस्य आहेत. त्या त्या पदावरचं काम त्यांनी कसं केलं, ते पुस्तिकेतल्या परिच्छेदापेक्षा जास्त बोलतं.

आणि छापील पुस्तिका छापली की थांबते. तुझ्याच भागातल्या राज्य सिनेटर जेसिका रामोस याही महापौरपदाच्या उमेदवार आहेत. परवा, ६ तारखेला, त्यांनी क्युमोंना पाठिंबा जाहीर केला. नाव मात्र मतपत्रिकेवर आहेच. पुस्तिकेत हे तुला कुठे सापडणार? म्हणून १२ तारखेचा वादविवाद बघच. ४ तारखेच्या वादविवादात नऊ जण होते, बोलायला वेळच मिळत नव्हता.

---

नंदू सांगलीकर (फ्लोरल पार्क)

अनघाताई, बरंचसं पटलं. एका मुद्द्यावर मात्र माझं वेगळं मत आहे. शेवटच्या दोघांपैकी दोघंही मला नको असतील तर त्यातलं एक नाव मी का लिहावं? माझं एक लहानसं दोन भाडेकरूंचं घर आहे, मालमत्ता कर आणि विमा दरवर्षी वाढतो. एकाचं धोरण मला परवडत नाही, दुसऱ्याच्या कारभाराचा अनुभव आहे. माझे तीन जण ठरलेत आणि मी तीनवरच थांबणार.

मुक्ताताई, तुम्हाला एक सूचना. घरात कुणी ग्रीन कार्डवर असेल तर त्यांनी चुकूनही नोंदणी करू नये. शहराने २०२१ च्या डिसेंबरात ग्रीन कार्डधारकांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क देणारा कायदा मंजूर केला होता, त्यामुळे अजून गैरसमज आहेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच मार्चमध्ये तो रद्द ठरवला. चुकीच्या नोंदणीने पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो.

---

अनघा_क्यूगार्डन्स

नंदूभाऊ, तीनवर थांबणं हा तुमचा पूर्ण हक्क आहे. फक्त ते जाणूनबुजून असावं. मला काळजी वाटते ती ज्यांना माहीतच नसतं त्यांची.

मागच्या एका प्रायमरीत एक वयस्कर गृहस्थ मतपत्रिका उघडी धरून टेबलाशी आले. "बेटा, ठीक है ना?" आम्हाला मतपत्रिका बघायची नसते, मी लगेच मान वळवली आणि कागद पाकिटात ठेवायला सांगितला. मग नमुना मतपत्रिका पुढे घेतली आणि काय केलंत ते बोटाने दाखवा म्हटलं. त्यांनी एकाच नावासमोरून बोट डावीकडून उजवीकडे नेलं, पाचही वर्तुळं. त्यांना वाटलं होतं की त्याने मत पाचपट होतं. ते एकदाच धरलं जातं आणि बाकीचे चार रकाने वाया जातात, हे कळल्यावर त्यांनी नवीन कागद मागितला. जुना रद्द केला, नवा दिला. चूक झाली तर मशीनमध्ये घालण्यापूर्वी नवा कागद मागता येतो, जुना धरून तीनपर्यंत. मागायला लाजू नका.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते, एकाच रकान्यात दोन नावं काळी करणं. मग ती पसंती आणि तिच्या पुढच्या सगळ्या बाद. मशीन तिथे सूचना देतं. ती वाचायची, घाईने पुढचं बटण दाबायचं नाही.

मुक्ता, पब्लिक ॲडव्होकेटचं राहिलं होतं. शहराच्या खात्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणं, त्यांच्या कारभारावर नजर ठेवणं हे मुख्य काम. कौन्सिलमध्ये विधेयक मांडता येतं, मत देता येत नाही. आणि महापौरपद मध्येच रिकामं झालं तर विशेष निवडणूक होईपर्यंत तीच व्यक्ती महापौर. म्हणून ते पान चाळून सोडू नकोस. सध्या तिथे जुमाने विल्यम्स आहेत, राजकुमार त्यांच्याविरुद्ध उभ्या आहेत. राज्य असेंब्लीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या दक्षिण आशियाई महिला. शाळांना दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी खूप जोर लावला, २०२३ मध्ये तो कायदा झाला. आपल्यातलं कुणी उभं आहे याचा मलाही आनंद होतो. पण खात्यांना जाब कोण विचारेल, हा प्रश्न तिथेही विचारायचाच, त्या पदाच्या तिन्ही उमेदवारांना.

कम्प्ट्रोलर शहराचा हिशेब तपासतो आणि कर्मचाऱ्यांच्या पाच पेन्शन फंडांच्या गुंतवणुकीवर लक्ष ठेवतो. तिथे जोरदार भाषणापेक्षा आकड्यांची समज बघ. मार्क लेव्हिन आणि जस्टिन ब्रॅनन ही दोन नावं जास्त ऐकू येतात. ही दोन्ही पदंही पसंतीक्रमानेच.

---

एडिसनकर

आम्ही नदीपलीकडचे, न्यू जर्सीचे, तरी वाचतोय. आमची गव्हर्नरची प्रायमरी परवा, मंगळवारी १० तारखेला. इथे नोंदणीत पक्ष नसलेल्या माणसाला केंद्रावर जाऊन तिथल्या तिथे पक्ष निवडता येतो, पण पसंतीक्रम नाही, एकच नाव. सहा डेमोक्रॅट उभे आहेत आणि मला दोघं सारखेच पटतात. तुमच्यासारखा दुसरा रकाना असता तर बरं झालं असतं.

अनघाताई, उमेदवाराला पैसा कुठून आला ते सामान्य माणसाला कुठे कळतं?

---

अनघा_क्यूगार्डन्स

कॅम्पेन फायनान्स बोर्डाच्या साइटवर. कुणाला किती देणगीदारांनी किती दिलं ते सगळं उघड असतं. शहरातल्या रहिवाशाने महापौरपदाच्या उमेदवाराला दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत, शहराच्या निधी योजनेत सामील असलेल्या उमेदवाराला शहर एका डॉलरला आठ डॉलर या प्रमाणात पैसे देतं. तेव्हा छोट्या देणग्या कुणाला जास्त आणि त्या कोणत्या भागातून, हे बघण्यासारखं आहे. उमेदवारापासून स्वतंत्र म्हणवणारे गट जो खर्च करतात तोही तिथे वेगळा दिसतो. दारात चकचकीत पत्रक आलं की खाली बारीक अक्षरात पैसे कोणी दिले ते छापलेलं असतं, ते नाव घेऊन साइटवर शोधायचं.

---

मुक्ता७४

अनघाताई, नंदूदादा, खूप आभार. आज दुपारी पेन्सिल घेऊन बसले. भाडं, पाळणाघर आणि सबवे या तीनच विषयांवर प्रत्येकापुढे "शहर", "राज्य", "पैसा कुठून" असं लिहीत गेले. अकरातली चार नावं गळली. पहिलं आणि दुसरं जवळजवळ ठरलंय, पाचवं १२ तारखेच्या वादविवादानंतर. नवरा अजून ग्रीन कार्डवरच आहे, त्याला नंदूदादांचं वाचून दाखवलं.

शेवटचं एक. २४ ला मंगळवार आहे, माझी शिफ्ट सकाळी सातची. १४ पासूनच्या लवकर मतदानाला रविवारी लेकीला घेऊन गेलं तर चालेल का? आणि ओळखपत्र काय न्यायचं?

---

अनघा_क्यूगार्डन्स

लेकीला खुशाल ने, मुलांना आत आणता येतं. लवकर मतदान १४ ते २२ जून, मध्ये १५ आणि २२ असे दोन रविवार आहेत. पण लवकर मतदानाचं केंद्र २४ तारखेच्या केंद्रापेक्षा वेगळं असू शकतं आणि वेळाही रोज सारख्या नसतात. बोर्ड ऑफ इलेक्शन्सच्या साइटवर पत्ता टाकून दोन्ही बघून घे. तिथेच तुझ्या पत्त्याची नमुना मतपत्रिकाही दिसेल. ज्या पदाला एकच उमेदवार आहे ते प्रायमरीच्या मतपत्रिकेवर येतच नाही, तेव्हा एखादं पान कोरं राहिलं असं समजून घाबरू नकोस.

ओळखपत्र बहुतेकांना लागत नाही. तू पहिल्यांदाच मत देते आहेस, नोंदणीच्या वेळी ओळख पडताळली गेली नसेल तर विचारू शकतात, म्हणून लायसन्स पर्समध्ये असू दे. यादीत नाव सापडलं नाही तरी परत फिरायचं नाही. ॲफिडेव्हिट बॅलट मागायचा, तो पाकिटात घालून द्यायचा, नोंदणी नंतर तपासून मोजतात. आणि पाच नावांची चिठ्ठी लिहून सोबत ने, त्याला कुणाची हरकत नसते.