कमिशनवर जुन्या गाड्या विकायला ठेवायच्या आहेत, परवाना लागतो का?

दारव्हा_गॅरेज
नमस्कार मंडळी. दारव्हा-दिग्रस रोडला गॅरेज आहे, मागे पाच-सहा गाड्या लागतील एवढी जागा. ओळखीचे कास्तकार म्हणतात, 'गाडी लावून दे.' मला विकत घ्यायची नाही. नाव मालकाचंच राहील, गिऱ्हाईक पटलं की कमिशन कापून पैसे त्याला. इकडे सगळे आरसी आणि सही केलेले कोरे टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे, 29 आणि 30) ठेवून घेतात. एवढ्यावर भागतं का? जीएसटीचं काय?

खिडकी_नं_४
नाही भागत, भाऊ. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं (केंद्रीय मोटार वाहन नियम, 55ए पासून पुढे). अर्ज फॉर्म 29ए मध्ये, प्रमाणपत्र 29बी मध्ये, मुदत पाच वर्षं. तुम्हाला यवतमाळ कार्यालय.

खरं काम त्यानंतरचं. गाडी आवारात आली की मालक आणि तुम्ही मिळून पोर्टलवर फॉर्म 29सी भरायचा. तिथून तुम्ही त्या गाडीचे 'मानीव मालक', म्हणजे कायद्याने मालक धरलेले. अपघात, चलान, कागदपत्रं, सगळं तुमच्याकडे. ओझं आहे, पण मालक याच्यामुळेच मोकळा होतो. 29सी नसेल तर आरसीवर ज्याचं नाव तोच धरला जातो. सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (2018) मध्ये हेच सांगितलं: गाडी चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर. कोरे टीटी फॉर्म देणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

गाडी चालवायची ती फक्त गिऱ्हाईकाला ट्रायल, दुरुस्ती-रंगकाम, तपासणी किंवा प्रदर्शनासाठी, आणि प्रत्येक फेरीची नोंद ट्रिप रजिस्टरमध्ये. भाच्याच्या वरातीला नेली की नियम मोडला. विमा संपलेल्या गाडीची ट्रायल तर द्यायचीच नाही.

बांधावरचा_वकील
वरचं बरोबर. आता मालकासोबतचा करार. 500 रुपयांच्या स्टॅम्पवर करा (100 चा ऑक्टोबर 2024 पासून बंद), आणि त्यात एवढं यायलाच पाहिजे: चेसिस व इंजिन नंबर, त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग फोटोसह, किल्ल्या किती, स्टेपनी-जॅक आहे का, मालकाला हातात किमान किती रुपये पाहिजेत, कमिशन टक्क्यात की ठोक, किती दिवसांसाठी, आणि न विकल्यास परत नेताना पार्किंग किंवा डागडुजीचा खर्च कोणाचा. भांडण बहुतेक या शेवटच्या कलमावरूनच होते. बॅटरी तुम्ही टाकली, गाडी परत गेली, पैसे कोण देणार?

मालकानेही एक समजून घ्यावं. माल विक्री कायद्याच्या कलम 27 प्रमाणे, मालकाच्या संमतीने ताब्यात असलेली वस्तू व्यापारी दलालाने धंद्याच्या ओघात विकली आणि घेणारा प्रामाणिक असला, तर ती विक्री मालकावर बंधनकारक ठरू शकते. मग 'मी चार लाखांच्या खाली विकू नको म्हटलं होतं' हे दलालाशी भांडायला कामाचं, गाडी परत मिळवायला नाही.

कोरी सही घेऊच नका. गिऱ्हाईक ठरल्यावर नाव, तारीख, रक्कम भरून फॉर्म 29 आणि 30 वर सही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. गिऱ्हाईक आदिलाबादकडचं, म्हणजे तेलंगणातलं असेल तर आधी फॉर्म 28 ची एनओसी. आणि गाडी ठेवून घेतानाच आरसीवरचा बोजा (कर्जाची नोंद) बघा: बँकेची एनओसी आणि तो उतरवायचा फॉर्म 35 नसेल तर नाव चढणार नाही. जुनी ई-चलानं आणि आरसीशी जोडलेला मोबाइल नंबरही तेव्हाच तपासा; ओटीपी मुलाच्या पुण्यातल्या फोनवर गेला की सगळे खोळंबतात.

खतावणी
जीएसटी बिल कोणाच्या नावाने फाडता यावर आहे. मालकाने थेट गिऱ्हाईकाला विकली आणि तुम्ही फक्त दलाली घेतली, तर कर दलालीवर: 10,000 वर 18 टक्के, म्हणजे 1,800; तेही तुम्ही नोंदणीकृत असाल तर. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख, त्यात गॅरेजची मजुरीही धरा. नोंदणीकृत डीलर म्हणून स्वतः घेऊन विकली तर कर फरकावर: 3 लाखांची गाडी 3,40,000 ला, तर 40,000 वर 18 टक्के, 7,200.

गिऱ्हाईकाचे पैसे थेट मालकाच्या खात्यात जाऊ द्या, कमिशन वेगळं घ्या. रोखीत 2 लाख किंवा जास्त एका व्यवहारात घेऊ नका (आयकर कायदा).

दारव्हा_गॅरेज
धन्यवाद. अजून दोन. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर? आणि 'निम्मे आता, बाकी कापसाच्या चुकाऱ्यावर' म्हणणाऱ्याचं काय?

बांधावरचा_वकील
पहिल्यात आधी फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर चढवा, बाकी वारसांचं संमतीपत्र जोडा, मगच ठेवून घ्या. दुसऱ्यात बयाण्याची पावती द्या, गाडी आवारातच ठेवा. उधारीवर सोडायचा अधिकार मालकाने लेखी दिला नसेल तर बुडालेली बाकी तुमच्या खिशातून जाईल.