मदत हवी आहे: लोकलमध्ये बहिणीची बॅग गेली, पोलिसांनी ‘गहाळ’ लिहिलंय, शुक्रवारी पडताळणी आहे

कोयनाकाठ (बुधवार, सकाळी ६:५०)

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. लिहिण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

काल संध्याकाळी धाकटी बहीण कराडहून बसने दादरला उतरली. मी ऑफिसातून तिकडे गेले आणि दोघींनी सातच्या सुमाराची कल्याण धीमी पकडली. महिलांचा मधला डबा. बसायला जागा नव्हती, म्हणून तिची काळी सॅक वर रॅकवर टाकली आणि आम्ही खाली उभ्या. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत घुसली तशा आम्ही पार पलीकडच्या दाराला जाऊन चिकटलो. ठाण्यानंतर जरा मोकळं झालं. डोंबिवलीला उतरायला रॅकवर हात घातला, तर तिथे कुणाचीतरी छत्री. सॅक नाही.

सॅकमध्ये हिरव्या फाईलमधे तिची सगळी मूळ कागदपत्रं आहेत: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता. शुक्रवारी नोकरीसाठी कागदपत्र पडताळणी आहे. शिवाय पाकीट, एटीएम कार्ड, फोन. फोन तिच्या हातात होता हो, गर्दीत नको म्हणून मीच तो सॅकेत टाकायला लावला. आणि आईने दिलेला भाकरी-ठेच्याचा डबा.

उतरल्या उतरल्या लोहमार्ग पोलिसांकडे गेलो. (पोलीस ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथेच परत जायचंय.) ठाणे अंमलदारांनी विचारलं, “चोरताना बघितलं का कुणाला?” नाही म्हटलं. “मग चोरी कशावरून? राहिली असेल गाडीत.” पुढे, बॅग घाटकोपरला गेली की ठाण्याला, ते सांगा, ती आमची हद्द नाही. दीड तासाने ‘मालमत्ता गहाळ’ असा शिक्क्याचा कागद हातात दिला. बहिणीचा नंबर मी लावत होते, तर दोनदा रिंग गेली आणि मग बंद. विसरलेल्या बॅगेतला फोन आपोआप बंद होतो का?

हा कागद पुरेल, की चोरीचा गुन्हा नोंदवायचा हट्ट धरू? आणि शुक्रवारचं काय करू?

तिसरी सीट (सकाळी ७:१५)

ताई, आधी फोन आणि पैसे. बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय दोन्ही बंद करा. आत्ता. कार्ड नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात, चोराला तेवढं पुरतं. खात्यातून काही गेलंच असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच कळवा.

मग त्याच नंबरचं सिम काढा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणून आजच काढा. नंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर सीईआयआरमध्ये (हरवलेले फोन बंद करायची सोय) फोन ब्लॉक करायची विनंती टाका. त्याला पोलिसांचा कागद, फोनचं बिल आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा १५ आकडी नंबर, लागतो. तो फोनच्या खोक्यावर असतो, खोकं गावी असेल तर वडिलांना वाचून दाखवायला सांगा. असा ब्लॉक केलेला फोन देशात कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही.

आणि चार दिवसांनी “तुमचा फोन सापडला, लोकेशन बघा” असा लिंकवाला मेसेज आला तर उघडू नका. तो चोराच्या भाईबंदांचा असतो, फोनचा पासवर्ड काढून घ्यायला.

दुपारची लोकल (सकाळी ७:४०)

राग मानू नका, पण मूळ कागदपत्रं रॅकवर?

कोयनाकाठ (सकाळी ७:४४)

पडताळणीला मूळ प्रतीच मागतात. आणि सॅक पाठीवर ठेवली असती तर डब्यातल्या बायकांनी आम्हालाच खाली उतरवलं असतं.

ओसरी (सकाळी ८:२०)

वकिली करतो म्हणून सांगतो, हट्ट धरा. गहाळच्या कागदावर दुय्यम प्रती मिळतात, पण त्यावर पोलीस शोधायला बाहेर पडत नाहीत. तपास गुन्हा नोंदवल्यावरच.

हद्दीचं कारण चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र (पोलीस थेट तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीतल्या ठाण्याने घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. गाडीतून सामान चोरणं हे न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अर्ज लेखी द्या, त्यात “रिंग वाजून फोन बंद केला गेला” हे वाक्य घालाच. गाडीची वेळ, दिशा, डबा, शेवटची बॅग कुठे पाहिली ते लिहा. फलाटांवरचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा, ते फार दिवस राहत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतलं तर तोच अर्ज टपालाने वरिष्ठांना.

उद्या फोन सापडला तर तो ‘मुद्देमाल’, म्हणजे खटल्यातला पुरावा, होतो. मग कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर (मागितला की हजर करीन असं लिहून देऊन) घ्यावा लागतो. वेळ लागतो, पण मिळतो.

दुपारची लोकल (सकाळी ८:३१)

रेल्वेकडून भरपाई?

ओसरी (सकाळी ८:५०)

विसरा. सोबतच्या सामानाची जबाबदारी प्रवाशाची. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका प्रवाशाचं असंच प्रकरण होतं, गाडीत कमरेच्या पट्ट्यातले लाख रुपये गेले होते. ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नाही, असा निकाल लागला.

पारावरची (सकाळी ९:०५)

शुक्रवारी जायचंच, हजेरी चुकवायची नाही. गहाळचा कागद, एफआयआरची प्रत, झेरॉक्स आणि मूळ प्रती सादर करायला मुदत मागणारा अर्ज, दोन प्रतींत. एकीवर पोच घ्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात का ते आज बघून ठेवा. जातवैधतेची दुय्यम प्रत ज्या समितीने दिली तिच्याकडूनच, तो अर्जही लगेच टाका.

यार्डमास्तर (सकाळी १०:१०)

तीस वर्षं रेल्वेत काढली. कागद चोराच्या कामाचे नसतात. फोन, रोकड काढायची आणि बॅग पुढच्या कुठल्यातरी गाडीत, नाहीतर फलाटाच्या टोकाला टाकून द्यायची. म्हणून पोलिसांची वाट बघत बसू नका. तुमची गाडी कल्याणला संपली, तर कल्याणपासून सुरू करा. प्रत्येक ठिकाणी स्टेशन मास्तर आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल), दोन्हीकडे विचारायचं. हे दोघं एकमेकांना सांगतातच असं नाही. १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आरपीएफचं ‘ऑपरेशन अमानत’ आहे, सापडलेल्या सामानाचे फोटो रेल्वेच्या साइटवर टाकतात, तेही बघा. सफाईवाल्यांना विचारायला विसरू नका. गाडीत काय सापडलं ते साहेबाच्या आधी त्यांना माहीत असतं.

कोयनाकाठ (गुरुवार, रात्री ११:३०)

सापडली! फोन आणि पैसे नाहीत, पण फाईल आहे.

क्रमाने सांगते. काल दुपारी ओसरींनी सांगितलं तसा अर्ज घेऊन गेलो. आदल्या रात्रीचे अंमलदार नव्हते, दुसऱ्या मॅडम होत्या. त्यांनी अर्ज वाचला, रिंगचं वाक्य दोनदा वाचलं आणि चोरीचा गुन्हा नोंदवून घेतला. कलम सांगायची वेळच आली नाही.

तिथून कल्याणला गेलो, काही मिळालं नाही. पण बॅग तोवर भलत्याच स्टेशनवर आरपीएफकडे पोचली होती. एका सफाई कामगाराला गाडीत सीटखाली दिसली. फाईलमधल्या अर्जावर बाबांचा नंबर होता, त्यावर आरपीएफवाल्यांनी फोन केला. बाबांना वाटलं फसवणुकीचा फोन. कापला. परत आला, परत कापला. आज सकाळी तिसऱ्यांदा आला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, “काका, बाकी राहू द्या, स्टीलच्या डब्यावर नाव कोरलंय ते वाचतो.” आजीचं नाव, खाली गाव, खाली लग्नाची तारीख. तेव्हा कुठे बाबांचा विश्वास बसला.

आम्ही बॅग घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी ओळखपत्र बघितलं, आत काय काय होतं ते आधी तोंडी विचारलं, यादी करून सही घेतली. त्या यादीची प्रत मॅडमना नेऊन दिली. डबा रिकामा होता. चोराने की आणखी कुणी, पण भाकरी खाऊन झाकण नीट लावून ठेवलं होतं.

फोन सीईआयआरला टाकलाय. आता एकच अडचण आहे. ठेच्याचं तेल झिरपून जातवैधतेवर खाली रुपयाएवढा डाग पडलाय. सही आणि नंबर स्वच्छ दिसतात. लॅमिनेशन करून नेऊ का?

पारावरची (रात्री ११:४२)

अजिबात नको, लॅमिनेट केलेला कागद बघून उलट शंका घेतात. तसाच न्या, सोबत एफआयआरची प्रत ठेवा.

यार्डमास्तर (रात्री ११:५५)

आणि त्या सफाईवाल्याला भेटलात का?

कोयनाकाठ (शुक्रवार, पहाटे ५:१०)

त्यांची रात्रपाळी असते म्हणाले. पडताळणी आटोपली की दोघी तिकडेच जाणार आहोत. आई कराडहून डबा पाठवतेय, भरलेला.