अमेरिकेतून पुण्याला परतायचं की ग्रीन कार्डाची वाट बघायची?

मुळाकाठ:
दोघंही न्यू जर्सीत नोकरीला, एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर. एकाचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटात प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतल्या नंबराची तारीख, २०१६ची. मुलगी ११ वर्षांची, सहावीत, जन्म इथला. कर्ज काढून घेतलेलं घर, दोघांची ४०१के (नोकरीतली निवृत्तीची बचत खाती). आई-वडील कोथरूडला, सत्तरीच्या पुढे. ग्रीन कार्ड हातात पडलं की परतू, असा साधारण विचार आहे. मातीची ओढ वगैरे चर्चा घरात भरपूर झाली आहे, इथे ती नको. राहायचं की परतायचं हे लोक नेमकं कशावर ठरवतात आणि परतायचं तर कुठल्या तारखा चुकवू नयेत, एवढं हवंय.

रांगेतला:
"ग्रीन कार्ड मिळालं की परतू" हा सगळ्यात लोकप्रिय बेत, आणि गणित त्याचंच चुकलेलं असतं. ग्रीन कार्ड हा तिथे राहण्याचा परवाना आहे. पुण्यात राहून तो टिकत नाही. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत आत जाता येत नाही. री-एंट्री परमिट २ वर्षांचं मिळतं, पण त्याचा अर्ज (आय-१३१) अमेरिकेत असतानाच भरावा लागतो आणि नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य त्याने वाचत नाही. म्हणजे दोन्ही दारं उघडी हवी असतील तर नागरिकत्वापर्यंत थांबायचं: आधी कार्डाची वाट, वर ५ वर्षं. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग कधी पुढे सरकते, कधी मागे. तोवर मुलगी कॉलेजात गेलेली असेल.

उलट बाजूही बघा. आय-१४० एकदा मंजूर झालं की कंपनीने नंतर ते मागे घेतलं तरी प्रायॉरिटी डेट सहसा तुमचीच राहते, परतलात तरीही. कार्डासाठी मात्र तेव्हा कुणीतरी कंपनी पाठीशी लागेल. आणि "नाही जमलं तर वर्षभरात एच-१बीवर परत येऊ" हे आता गृहीत धरू नका. सप्टेंबर २०२५च्या घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लावले गेले. दोन्ही डगरींवर हात ठेवायचे दिवस गेले.

बरेच जण ठरवत नाहीतच, त्यांचं ठरवलं जातं. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात घर, शाळा, गाडी सगळं उरकायचं, म्हणजे मिळेल त्या भावात.

तास_संपला:
विचारलं की सगळे आई-बाबांचं नाव सांगतात, पण तारीख ठरते मुलांच्या इयत्तेवर. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, थेट दहावीत घुसणं अवघड. तुमच्या मुलीसाठी सातवी-आठवी ही सोयीची शेवटची गाडी. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, अमेरिकेतलं जूनमध्ये संपतं. मधल्या दोन-अडीच महिन्यांचं काय, ते शाळेला आधीच विचारून ठेवा.

मराठी हा खरा अडथळा. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. घरी मराठी बोलणारी मुलंही जोडाक्षरांवर अडतात. "क्ष", "ज्ञ", रफार आले की वाचन थांबतं, आणि सातवीच्या पुस्तकात ते ओळीओळीला असतात. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत आत्ताच घाला.

याहून मोठी गोष्ट: तिचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) हातात घ्या आणि त्यावरची तारीख बघा. ४ मार्च २०२१ नंतरचं असेल तर 'नीट', 'जेईई' या प्रवेश परीक्षांतून एनआरआय किंवा जादा जागांवरच प्रवेश. त्याआधीच्या कार्डधारकांचा जुना हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राखला. डॉक्टर करायचं स्वप्न असेल तर निम्मा निर्णय ही एक तारीख करते.

आकडेमोड:
कराचं थोडक्यात सांगतो, थोडक्यात होणार नाही.

उतरायचा महिना निवडा. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस झाले की तुम्ही रहिवासी. १ ऑक्टोबरला उतरलात तर ३१ मार्चपर्यंत बरोबर १८२ भरतात. म्हणून ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटू द्या. त्याच वर्षी मे महिन्यात लग्नाला येऊन गेलात तर ते दिवसही मोजले जातात, इथेच लोक फसतात. मागच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तर मर्यादा ६० दिवसांवर येऊ शकते. हे जपलंत तर ते वर्ष अनिवासी म्हणून सुटतं आणि पुढची साधारण २ वर्षं आरएनओआर (रहिवासी, पण 'सामान्यतः रहिवासी' नाही) हा दर्जा मिळतो. त्या काळात अमेरिकेतलं व्याज, लाभांश, घरभाडं यांवर भारतात कर नाही. पण अमेरिकन कंपनीचं काम पुण्यात बसून केलंत तर तो पगार भारतातलाच, जमा कुठल्याही खात्यात होवो.

४०१के मोडू नका. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलं तर कर आणि वर १० टक्के दंड. आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात वळवायचं असेल तर निघण्यापूर्वी वळवा, भारतातला पत्ता बघून काही ब्रोकर खातं चालवायला नकार देतात. आरएनओआर संपला की भारत त्यातल्या वाढीवर दरवर्षी कर मागू शकतो. तो पैसे काढेपर्यंत पुढे ढकलायला १९६१च्या कायद्यात कलम ८९ए आणि फॉर्म १०-ईई आहे (२०२५च्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत). एकदा निवडलं की माघार नाही. आरएनओआर संपल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्ताही दाखवायची, आणि ती आर्थिक वर्षाची नव्हे, कॅलेंडर वर्षाची. चुकलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) भारतात परत आल्यावर तसंच चालू ठेवता येत नाही. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे तर आरएफसी, म्हणजे रहिवाशांचं परकी चलनातलं खातं, उघडा. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे अमेरिकी सरकारी पेन्शनला लागणारे, ४० क्रेडिट मोजा. वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात आणि भारताशी करार नसल्याने भारतातली नोकरी त्यात धरली जात नाही. ३७-३८ क्रेडिटवर असाल तर थोडं थांबण्यात शहाणपण आहे.

ब्युरोवाल्या_काकू:
आई-वडिलांचा मेडिक्लेम आजच बघा. आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं, ते घड्याळ तुम्ही येण्याआधीच सुरू झालेलं बरं. आणि परतलात म्हणजे त्यांच्याकडे बघायला बाई लागणार नाही असं नाही. दोघं कामावर गेल्यावर १२ तासांची बाई ब्युरोतून घ्यावीच लागते.

सामानात वॉशिंग मशीन आणू नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण ६० हर्ट्झची मोटर इथल्या ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि तापते. लॅपटॉपचे चार्जर खुशाल आणा.

मुळाकाठ:
आभार. घर भाड्याने देऊन ठेवावं का? सगळे तेच सुचवतात.

आकडेमोड:
द्या, पण मुदत लिहून ठेवा. शेवटच्या ५ वर्षांत २ वर्षं स्वतः राहिला असाल तरच नफ्यातले माणशी अडीच लाख डॉलर करमुक्त, म्हणजे निघाल्यापासून ३ वर्षांत विकायला हवं. आरएनओआर बहुधा त्याआधीच संपतो आणि मग नफ्यावर भारतातही कर, त्यामुळे खरी मुदत आरएनओआर संपेपर्यंतचीच. तेव्हा तुम्ही अमेरिकेच्या दृष्टीने परदेशी असाल, म्हणून खरेदीदार विक्रीच्या किमतीवर, नफ्यावर नव्हे, सहसा १५ टक्के कापून भरतो. रिटर्न भरल्यावर जास्तीचं परत मिळतं, पण तोवर रक्कम अडकते. न्यू जर्सीचा "एक्झिट टॅक्स" म्हणतात तोही वेगळा कर नाही, आगाऊ भरणाच. त्या पैशांतून इथल्या फ्लॅटचा हप्ता द्यायचा असेल तर बिल्डरला शब्द देताना हे धरून चाला.